धोकटी आणि डबी

सामाईक न्हाणीघरांत दाढीचें सामान कोठें ठेवावें, हा प्रश्न ठाणें, कल्याण व डोंबिवलीच्या घरांत आज रोजचा आहे. आमच्या पणजोबांपुढें तो नव्हताच. न्हावी हा गांवचा बलुतेदार. वस्तरा, चिमटा, नराणी, वाटी व आरसा त्याच्या धोकटींतून येत आणि धोकटींतूनच परत जात.

१८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली, १८५४ सालीं कल्याणास पोंचली. कचेरीची वेळ गांठणाऱ्या चाकरमान्यास न्हाव्याची वाट पाहाणें परवडेना. १९०४ सालीं अमेरिकेंत किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. तें यंत्र हळूहळू इकडेही आलें, आणि धोकटीची जागा घरांतल्या डबीनें घेतली.

वस्तरा जपणें ही न्हाव्याची विद्या होती; ती जबाबदारी आतां आमची झाली. पातें ओलें राहिलें तर गंजतें, उघडें पडलें तर मुलाचें बोट कापतें, एकाचें दुसऱ्यानें वापरलें तर रक्तावाटे पसरणारी कावीळही जडूं शकते. म्हणून न्हाणीघर सामाईक असलें तरी डबी ज्याची त्यानें निराळी, कोरडी व उंच फळीवर ठेवावी. न्हाव्यानें जें पोटासाठीं सांभाळलें, तें आम्ही घरच्या माणसांसाठीं सांभाळूं नये काय?