जुन्या मोटारीची पारख आणि २६ जुलै २००५ : सांताक्रूझच्या संदर्भात

स्वातंत्र्योत्तर मुंबईत जुन्या मोटारींचा बाजार दीर्घकाळ टंचाईवर पोसला गेला. परवाना पद्धतीमुळे नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. सांताक्रूझसारख्या उपनगरातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वाट्याला बहुधा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील जुनी फियाट येई. १९७४ पासून तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. तिचे दोष लपत नसत. सायलेन्सरचा धूर, इंजिनाचा आवाज, खाऱ्या हवेने गंजलेला तळपत्रा पाहून ओळखीचा मिस्त्री निर्णय देई आणि कुटुंब तो मानी.

१९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर पर्याय वाढले. पुढे प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंजिने आली आणि मिस्त्रीच्या कानाची मर्यादा उघड झाली. तिची खरी परीक्षा २६ जुलै २००५ नंतर झाली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुलाब्यात तो जेमतेम ७३ मिलिमीटर होता. साहजिकच मोटारीचे भवितव्य त्या दिवशी ती कोठे उभी होती यावर ठरले. कलिन्याच्या सखल भागात बुडालेली मोटार धुऊनपुसून उभी केली, तरी तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा कित्येक महिन्यांनी त्रास देऊ शकतो.

नोंदणी पुस्तकात मालक, चॅसिस क्रमांक, उत्पादनवर्ष, कर्जाचा बोजा असे सारे असते. पुराची नोंद नसते. एमएच-०२ ही अक्षरे अंधेरीचे कार्यालय सांगतात, मोटार कोणत्या पाण्यातून गेली ते नाही. त्यामुळे ग्राहक पट्टा शेवटपर्यंत ओढून गाळाचा डाग शोधू लागला, गालिच्याखाली हात घालून पाहू लागला. (या युक्त्या कोणत्याही पुस्तकापेक्षा गॅरेजांतूनच अधिक पसरल्या असाव्यात.)

कायदा येथे ग्राहकाला फारसा हात देत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७ नुसार, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर विक्रेत्याचे नुसते मौन कपट ठरत नाही. मौन कपटपूर्ण असले, तरी साध्या दक्षतेने सत्य कळण्याजोगे असल्यास कलम १९ अन्वये करार रद्द करता येत नाही. मात्र थेट प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर दिले, किंवा गाळाच्या खुणा झाकण्यासाठीच नवा गालिचा अंथरला, तर ही सवलत विक्रेत्याला मिळत नाही.