पाठीमागचा पडदा

जुन्या घरगुती छायाचित्रांत आपण चेहरे शोधतो. पगडीचा घाट, नथीचा आकडा, मांडीवरच्या मुलाचे टोपडे यांवर घरात चर्चा होते. पाठीमागच्या संगमरवरी कठड्याकडे आणि धूसर तळ्याकडे सहसा कोणी बघत नाही. गेली काही वर्षे मी मात्र आधी पाठीमागेच पाहतो. लहान गावांतल्या बहुतेक स्टुडिओंचे दप्तर उरलेले नाही. पुठ्ठ्यावरचे नाव पुसलेले असते, नाहीतर चौकटीत बसवताना कापलेले. अशा वेळी बोलू शकतो तो पडदाच.

ही युक्ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये आंत्वान क्लोदे याने रंगवलेल्या पार्श्वभूमीचे पेटंट १८४१ सालीच घेतले होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. पुढे विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केली. त्यांतली माणसे एकीकडे टिपलेली, पाठीमागची दृश्ये दुसरीकडची, आणि दोहोंची जोडणी केलेली. काम देखणे आहे, पण प्रत्येक गिऱ्हाइकासाठी असला खटाटोप तालुक्याच्या गावी कोण करणार? तिथे एकदा रंगवून घेतलेला मांजरपाटाचा पडदा वर्षानुवर्षे पुरे. मात्र शेजारच्या स्टुडिओपेक्षा तो वेगळा दिसायला हवा, ही निकड तिथेही होतीच.

तो रंगवणारा हात कुठून आला? माझ्या मते नाटकाच्या पडद्यांवरून. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० सालचे. त्यानंतरच्या संगीत नाटक मंडळ्या राजवाडा, जंगल, रस्ता, बाग असे पडदे गुंडाळून गावोगाव फिरत, आणि त्यांच्यासाठी रंगवणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे त्यांतले सर्वांत नामांकित. बाबूरावांना तर ‘पेंटर’ हेच आडनाव चिकटले. छायाचित्रकार म्हणून जम न बसल्यावर दादासाहेब फाळके यांनीही नाटकाचे पडदे रंगवले होते. दोन्ही धंद्यांच्या भिंती अशा पातळ होत्या.

तरी नाटकाचा पडदा उचलून स्टुडिओत टांगता येत नसे. पहिली अडचण रंगाची. त्या काळच्या काचेला निळ्या रंगाची फार जाण, तांबड्या-पिवळ्याची जवळजवळ नाहीच. निळे आकाश कोरे पांढरे उतरे आणि केशरी संध्याकाळ काळीकुट्ट. म्हणून छायाचित्राचा पडदा राखाडी छटांतच रंगवावा लागे. तोही सरसात कालवलेल्या रंगाने, कारण तेलरंग उजेडात चमकतो. दुसरी अडचण क्षितिजाची. नाटकात ते उभ्या नटाच्या मापाने बेतलेले. स्टुडिओत कॅमेरा असतो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीशी. माझ्या संग्रहातल्या काही छायाचित्रांत तळ्याचा काठ बसलेल्या गृहस्थांच्या डोक्यावरून जातो, जणू ते पाण्यात बुडाले आहेत. असा पडदा रंगभूमीसाठी केलेला असावा, असा माझा तर्क आहे. तिसरी खूण उजेडाची. खिडकी डावीकडे असेल तर रंगवलेल्या खांबाची सावली उजवीकडे पडायला हवी. ती जिथे बरोबर पडते, तिथे रंगवणारा त्या खोलीत येऊन गेला होता असे धरायला हरकत नाही.

या पडद्यांना ‘साहेबी नक्कल’ म्हणून मोडीत काढण्याची पद्धत आहे. कठडे, कमानी, जिने हे सारे विलायती वळणाचे, हे खरेच. पण गावातल्या माणसाने इंग्रजाचा वाडा पाहिलेला नव्हता. त्याने कंपनीच्या नाटकातला दुष्यंताचा राजवाडा पाहिला होता. त्या कमानीखाली बसताना त्याच्या मनात राजवाडा असणार, लंडन नव्हे. नक्कल म्हणायचीच तर ती रंगभूमीची म्हणावी.

पडद्यावरून कालक्रमही लावता येतो. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या घरांतून आलेली छायाचित्रे आहेत. एकात कठड्याच्या तिसऱ्या खांबाजवळ कापड उसवलेले दिसते. दुसऱ्यात नेमक्या त्याच जागी एक वेल रंगवली आहे, बाकी सारा पडदा तोच. ठिगळ झाकायला काढलेल्या त्या वेलीमुळे स्टुडिओ एकच आणि दुसरे छायाचित्र नंतरचे, हे ठरते. दोन्हींच्या पुठ्ठ्यांवर अक्षर नाही.

म्हणून प्रती काढताना कडा कापणे मला खुपते. अलीकडे एका कुटुंबाकडून समूहचित्राची नीटनेटकी प्रत आली : अकरा माणसे, मागे तळे आणि हंस. मी मूळ चित्र मागवले. कुटुंब मोठे आणि पडदा अरुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंना मोकळी भिंत आली होती आणि ती प्रत काढताना छाटली होती. डावीकडे पडद्याची कड धरलेली कोणाची तरी चार बोटे आहेत. उजवीकडे दगडाची भिंत आहे, भोके भोके पडलेल्या जांभ्याची. म्हणजे स्टुडिओ नव्हताच. छायाचित्रकार पडदा गुंडाळून कोकणातल्या कुठल्याशा अंगणात गेला होता. आज देशावर स्थायिक असलेल्या त्या कुटुंबाला आपले मूळ गाव ठाऊक नाही.