पट्ट्याची वाट आणि घोड्याचे खूर

इ.स. १६७९ च्या नोव्हेंबरात जालन्याची लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेस संगमनेरच्या परिसरात मोगली सैन्याने गाठले. तीन दिवस झुंज झाली. सिदोजी निंबाळकर कामी आले. पुढे बहिर्जी जासुदाने आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर पोहोचविली. अकोले तालुक्याच्या उत्तर सीमेवरील हा किल्ला महाराजांच्या त्या मुक्कामामुळेच विश्रामगड म्हणून ओळखला जातो. या प्रसंगाचे वर्णन करताना इतिहासकारांची दृष्टी सहजच बहिर्जीच्या चातुर्यावर आणि सिदोजींच्या पराक्रमावर स्थिरावते. परंतु रात्रंदिवस चाललेल्या त्या फौजेखाली घोडी होती, आणि पट्ट्याकडे येताना मोकळे पठार संपून काळ्या पाषाणाची चढण सुरू होते. त्या चढणीवर शेकडो घोड्यांचे खूर शाबूत कसे राहिले, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. फौजेचा जीव त्यावरच अवलंबून होता.

याचे उत्तर त्या प्रसंगाच्या कथनात नाही. ज्या सभासदाने १६९७ साली हा वृत्तांत लिहिला, त्याच्याच बखरीतील पागेच्या व्यवस्थेच्या वर्णनात ते शोधावे लागते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या प्रत्येक पथकास एक पखालजी व एक नालबंद, अशी ती योजना होती. पाणी आणि नाल यांची तरतूद एकाच पंक्तीस बसविली आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. नालबंद हा छावणीच्या बाजारात गरजेनुसार शोधावयाचा कारागीर नव्हता. तो पथकाचाच घटक होता. लोखंडी नाल साधारणपणे सहा ते आठ आठवडे टिकते. खडकाळ मुलखात ती त्याआधीच सैल होते, आणि एका पायाची नाल निघाली की खुराची कड फुटून घोडा दोन मजलांतच लंगडू लागतो. पंचवीस घोड्यांचे शंभर खूर सतत तपासणे हे एका माणसाचे पुरेपूर काम होय.

‘नाल’ हा शब्द अरबी, तर ‘नालबंद’ या जोडशब्दातील ‘बंद’ फारसी. संस्कृत अश्वशास्त्राचा भर पथ्य, लेप आणि लक्षणे यांवर आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या या परंपरेतूनच घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणू लागले. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, तिच्यात शिकून बाहेर पडणाऱ्यांनाही हेच नाव चिकटले. मराठी पागेत या दोन विद्या एकत्र नांदल्या: औषध सालोत्र्याचे, लोखंड नालबंदाचे.

नाल या वस्तूने राज्याच्या हिशेबातही शिरकाव केला. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. मोहिमेपूर्वी त्यास सिद्धतेसाठी जी आगाऊ रक्कम मिळे तिला ‘नालबंदी’ म्हणत. त्या रकमेतून केवळ नालच ठोकली जात असे, असे कोणी समजू नये. तथापि सर्व तयारीस नाव पडले ते खुराचेच. ‘घासदाणा’ या खंडणीचे नावही घोड्याच्या पोटावरूनच आले आहे.

खुराचे आरोग्य मात्र नालबंदाच्या हातोडीवर थोडे आणि वैरणीवर अधिक ठरते. खुराची भिंत महिन्यास सुमारे आठ ते दहा मिलिमीटर वाढते. पुढच्या बाजूस वरपासून जमिनीपर्यंत नवा खूर येण्यास नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे आज दिसणारा खूर हा गेल्या वर्षाच्या चाऱ्याचा लेखी हिशेबच होय. श्रावणात उपाशी राहिलेला घोडा दसऱ्यास वरवर सावरलेला दिसेल, पण त्याच्या खुरात उमटलेली दुर्बल वाढ मोहिमेच्या ऐन मध्यात जमिनीशी येऊन पोहोचते. शिवाय सह्याद्रीचा पाऊस खूर मऊ करतो. ओल्या, शेणाने भरलेल्या जागी बांधलेल्या घोड्याच्या तळखुराचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, त्यास दुर्गंध येतो, आणि असा घोडा दसऱ्यानंतर एकदम खडकावर घातला तर निकामी होतो.

महाराजांनी चिपळूणजवळ पावसाळी छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखे आहे. रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी ते नेहमी उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचा निम्मा जीव दाणावैरणीत आहे. साठा आरंभीच उधळला तर ऐन पावसात घोडी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल; दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तरी गवताच्या गंजी पेटतील. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यास पागेची नाडी ठाऊक होती.

शिंगरांच्या शिक्षणाविषयी कागद अधिक अबोल आहेत. शब्द मात्र बोलतात. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण, नारोष्ट्र अशा चाली सांगितल्या. अमरकोशाने आस्कंदितापासून प्लुतापर्यंत पाच गती नोंदविल्या. (‘किशोर’ या शब्दाचा मूळ अर्थ शिंगरू हाच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.) मराठी चाबुकस्वाराचा मुख्य पाठ याहून साधा होता: लांब दोरीवर घोड्यास वर्तुळात फिरविणे, दोन्ही हातांवर सारखे. यालाच ‘कावा’ म्हणतात. गनिमी काव्यातील कावा हा रणनीतीचा शब्द होण्यापूर्वी रिंगणातील शब्द होता, असे मानण्यास जागा आहे. शत्रूस हुलकावणी देऊन वळणारा स्वार हा त्याच रिंगणात घडलेला घोडा वापरीत असे.

हा पाठ लवकर सुरू केला तर घात होतो. शिंगराच्या पुढच्या गुडघ्यावरील हाडांचे वाढते टोक सुमारे अडीच वर्षांनी पक्के होते, पाठीच्या मणक्यांस पाच-सहा वर्षे लागतात. म्हणून आधी हातास सवय, पाय उचलून धरू देण्याची सवय, मग मोरखी, मग रिकामे खोगीर, आणि शेवटी स्वार, हा क्रम निसर्गानेच घालून दिला आहे. लहानपणी पाय उचलू न देणारे शिंगरू पुढे नालबंदाच्याही हाती येत नाही. बारगिराचा घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा. घाई कोणाकडून अधिक झाली असेल, याचा तर्क कठीण नाही.

ग्रँट डफने १८२६ च्या ग्रंथात ज्या भीमा-नीरा-माण खोऱ्यांतील काटक घोड्यांची वाखाणणी केली, त्यांच्या वंशास कर्नाळच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ च्या आरंभी ‘भीमथडी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदविले. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या भागांतील भटके मेंढपाळ धनगर याच तट्टांवर बिऱ्हाड लादून हिंडतात. शिंगरास हात लावण्याची त्यांची रीत आणि खूर पाहून घोडा पारखण्याचे त्यांचे शब्द पागेच्या दप्तरांतील शब्दांशी ताडून पाहण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि ते दप्तरखान्यात बसून होणारे नाही.