एका चौकटीभोवती : अलाबामातील गोधड्या आणि मताधिकाराची किंमत

१/
डिसेंबर १९६५. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीमध्ये, फ्रान्सिस वॉल्टर नावाचा एक गोरा धर्मोपदेशक वस्त्यावस्त्यांतून हिंडत होता. मतदार म्हणून नाव नोंदवले, या एका कारणावरून घरादारातून हुसकावल्या गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हकिगती तो लिहून घेत होता. पॉसम बेंड या वस्तीजवळ एका खोपटाबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या तीन गोधड्यांनी त्याचे लक्ष वेधले.

२/
तो जवळ जाताच घरातील स्त्री रानात पळून गेली. अनोळखी गोरा माणूस दाराशी येणे, याचा त्या मुलखातील अर्थ तिला चांगलाच ठाऊक होता. वॉल्टर नंतर पुन्हा आला, आणि त्या गोधड्यांच्या निमित्ताने अवघ्या चार महिन्यांत एक संस्था जन्माला आली : फ्रीडम क्विल्टिंग बी. तिच्या गोधड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हे लेखन त्या गोधड्या शिवण्यासाठी भरणाऱ्या बैठकीविषयी आहे.

३/
आधी दोन शब्द समजून घेऊ. 'क्विल्ट' म्हणजे आपल्या गोधडीच्या, वाकळेच्या कुळातील वस्तू : वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि तिन्हींना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. 'बी' म्हणजे एरवी मधमाशी. येथे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून एखाद्याचे काम हातोहात उरकण्याची बैठक. मक्याची कणसे सोलण्याची 'बी' असे, तशीच गोधडी शिवण्याचीही.

४/
या कामाचे दोन भाग असत. वरचा थर प्रत्येक स्त्री आपल्या घरी, सवडीने, एकटीच जोडी. कोणता तुकडा कोणाशेजारी बसवायचा, हे तिचे तिने ठरवायचे. नंतर तिन्ही थर एका लाकडी चौकटीवर ताणून बांधले जात. काही घरांत ही चौकट आढ्याला टांगलेली असे. काम संपले की ती वर ओढून घ्यायची, म्हणजे खोली मोकळी. चारी बाजूंनी शेजारणी बसत आणि कडेकडून आत धावदोरा घालत सरकत.

५/
या बैठकांचा हंगाम हिवाळ्याचा. कापसाची वेचणी संपली की आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असा क्रम चाले. सुई चालू असताना प्रार्थना होई, भक्तिगीते म्हटली जात, गावाची खबरबात कळे. लहान मुली चौकटीखाली बसून वर येणाऱ्या-जाणाऱ्या सुया पाहत आणि पाहता पाहता शिकत. कोणाचे काम कुठवर आले, कोणाला अस्तर कमी पडते आहे, हे सर्वांना माहीत असे.

६/
या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे गीज बेंड. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेले हे वळण. १८१६ मध्ये जोसेफ गी या जमीनदाराने येथे कापसाचा मळा वसवला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे या नातलगाकडे गेला. पेटवे येताना सुमारे १०० गुलाम घेऊन आला. उत्तर कॅरोलिनापासून ते सारे अंतर त्यांना पायी चालावे लागले. आजही गावातील असंख्य कुटुंबांचे आडनाव पेटवे हेच आहे.

७/
गुलामी कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. पूर्वीचे गुलाम तेथेच कुळे झाले आणि बी-बियाणे, अवजारे, अन्नधान्य यांसाठी व्यापाऱ्याच्या उधारीवर जगू लागले. १९३२ मध्ये असा एक व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेने थकबाकीची वसुली काढली. सुमारे ६० कुटुंबांची जनावरे, अवजारे आणि साठवलेले धान्यही उचलून नेण्यात आले. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसच्या शिध्याने माणसे तगली.

८/
ज्या घरांतून सर्व काही गेले, त्या घरांत गोधडी ही हौस नव्हती. लाकडी ओंडक्यांच्या भिंतींच्या फटींतून वारा आत येई. अंगावर घ्यायला, खाली अंथरायला, फटी बुजवायला गोधडीच लागे. वरच्या थराला विजारी आणि सदऱ्यांचे धडके तुकडे, अस्तराला पीठ किंवा खत यांची पोती, आत भरायला शेतात उरलेला, काठीने झोडून साफ केलेला कापूस.

९/
१९४२ मध्ये मिसुरी पेटवे या स्त्रीने नुकत्याच वारलेल्या नवऱ्याच्या शेतातील कामाच्या कपड्यांची एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि तिच्या उबेत निजता यावे, हा तिचा हेतू पुढे तिच्या मुलीने सांगितला. विटलेली निळी विजार, गुडघ्यापाशी झिजलेले कापड, खिसा उसवल्यावर खाली दिसणारा गडद चौकोन, या खुणांवरून माणूस ओळखावा, अशी ती गोधडी आहे.

१०/
१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूझवेल्ट सरकारने गीज बेंडची जमीन विकत घेतली, नवी घरे बांधली आणि पुढे कमी व्याजाच्या कर्जावर ती घरे व शेते रहिवाशांनाच विकली. या घटनेचे महत्त्व पंचवीस वर्षांनी कळले. काउंटीतील इतर कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या मालकाच्या जमिनीवर राहत होती. मालकाची मर्जी फिरली की छप्पर गेले. गीज बेंडमध्ये मात्र अनेकांच्या पायाखालची जमीन त्यांची स्वतःची होती.

११/
१९६५ च्या आरंभी विल्कॉक्स काउंटीच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. नोंदणीची कचेरी कॅम्डेन या मुख्य गावी, नदीच्या पलीकडे. नावेने थोडक्याच वेळाचा रस्ता. पण तेथे नेणारी फेरी १९६२ मध्ये बंद करण्यात आली होती. वळसा घालून जाणारा रस्ता अनेक मैलांचा होता. तरीही माणसे जात राहिली.

१२/
फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गीज बेंडच्या चर्चमध्ये येऊन बोलले. मार्चमध्ये शेजारच्या डल्लास काउंटीत सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालल्या. ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी झाली. यादीत नाव घालण्याचा हक्क मिळाला. पण नाव घातल्यावर घर, काम आणि दुकानातील उधारी ही तिन्ही एकदम जाऊ शकत. मताला किंमत होती आणि ती मतदाराच्या पोटातून वसूल केली जाई.

१३/
वॉल्टरने दोरीवर गोधड्या पाहिल्या तो क्षण हा. त्याने थोडे पैसे मिळवून प्रत्येकी दहा डॉलर देऊन गोधड्या विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कमध्ये लिलाव करायचे ठरवले. येणारी रक्कम शिवणाऱ्या स्त्रियांची. २६ मार्च १९६६ रोजी कॅम्डेनच्या अँटिऑक बाप्टिस्ट चर्चमध्ये साठाहून अधिक स्त्रिया जमल्या आणि सहकारी संस्था स्थापन झाली. लिलाव दुसऱ्याच दिवशी होता.

१४/
नावातील 'बी' हा शब्द जुनाच ठेवला होता आणि त्याच्या आधी 'फ्रीडम' जोडला होता. जी बैठक हिवाळ्यात घरोघरी भरत असे, तीच आता हिशेब ठेवणारी, पदाधिकारी निवडणारी, मजुरी वाटणारी संस्था झाली. एस्टेल विदरस्पून दीर्घकाळ तिच्या व्यवस्थापक होत्या. स्वतंत्र जागा नव्हती तोवर त्यांच्याच घरी काम चाले.

१५/
न्यूयॉर्कला गोधड्या आवडल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानात त्या विकल्या गेल्या, 'व्होग' मासिकातही झळकल्या. पण बाजाराच्या अटी होत्या. माप ठरलेले हवे, कापड नवे हवे, टाके सारखे हवेत आणि आज मागवलेली गोधडी काल पाहिलेल्या गोधडीसारखीच हवी. घरी मात्र एका स्त्रीच्या दोन गोधड्याही सारख्या नसत.

१६/
त्यामुळे 'बी'च्या चौकटीवर 'अस्वलाचा पंजा' यासारखे ठरावीक नमुने येऊ लागले. एकीने कापायचे, दुसरीने जोडायचे, इतरांनी धावदोरा घालायचा. टाके लांब पडले तर उसवून पुन्हा घालायचे. ज्यांनी आयुष्यभर मनाने तुकडे जुळवले, त्यांना दुसऱ्याने आखलेला नमुना पाळणे जड गेले असेल, तर नवल नाही. काही स्त्रियांनी हे काम स्वीकारले नाही. पुष्कळ जणींनी स्वीकारले.

१७/
स्वीकारण्याचे कारण हिशेबात सापडते. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येई आणि तोही देण्यांत जिरून जाई. येथे केलेल्या कामाची मजुरी हातात पडे, स्त्रीच्या स्वतःच्या हातात. शिवाय मिलर्स फेरी येथील धरणाच्या पाण्याखाली गीज बेंडची उत्तम शेतजमीन गेल्यावर तर शेतीचा आधारही आक्रसला. आणि मुख्य म्हणजे, मतदारयादीत नाव आहे म्हणून या कामावरून कोणी काढणार नव्हते.

१८/
संस्थेने अल्बर्टा या वस्तीजवळ २३ एकर जमीन घेतली. १९६९ मध्ये तेथे शिवणकेंद्र उभे राहिले. त्याला आदल्या वर्षी हत्या झालेल्या किंग यांचे नाव देण्यात आले. पुढे आयांच्या सोयीसाठी मुलांचे पाळणाघरही निघाले. त्याच जमिनीतील आठ तुकडे अशा कुटुंबांना विकले गेले, ज्यांना मतदार नोंदणी किंवा चळवळीतील सहभागामुळे राहत्या घरातून बाहेर काढले होते.

१९/
हा तपशील या सबंध इतिहासाचा गाभा मानावा लागेल. मालकाची जमीन हे ज्या मुलखात मत दडपण्याचे हत्यार होते, तेथे गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांनी जमीन घेतली आणि बेघर केलेल्यांना तिच्यावर वसवले. गीज बेंडला १९४० च्या दशकात सरकारने जे दिले होते, ते येथे सुईच्या कमाईतून आणि सहकारातून उभे राहिले.

२०/
१९७२ मध्ये सीअर्स या कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे कंत्राट मिळाले. काम कंटाळवाणे : तोच आकार, तेच कापड, शेकड्यांनी नग. पण कापून उरलेल्या पट्ट्या बायका घरी नेत. सोनेरी, गंजासारखा तांबूस, हिरवा अशा रंगांच्या त्या जाड कापडातून घरच्या चौकटींवर अगदी निराळ्या गोधड्या तयार झाल्या. दिवसा केंद्रावर नमुना पाळणारे हात रात्री घरी तो मोडत होते.

२१/
याच घरगुती गोधड्यांनी पुढे जगाला चकित केले. विल्यम आर्नेट या संग्राहकाने जमवलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले, नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. समीक्षकांनी त्यांना आधुनिक अमेरिकन कलेच्या श्रेष्ठ निर्मितींत स्थान दिले. पलंगावर अंथरलेल्या वस्तू भिंतीवर गेल्या. नफ्यातील वाटा आणि मालकी यांवरून २००७ मध्ये काही स्त्रियांना न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी ते वाद मिटले.

२२/
या कीर्तीत एक विसंगती राहून गेली. 'बी'च्या सारख्या मापाच्या गोधड्या आणि सीअर्सचे अभ्रे यांना त्या कीर्तीत फारसे स्थान मिळाले नाही. कलेच्या इतिहासाने घरी, एकटीने, मनाजोगे जोडलेल्या गोधडीला महत्त्व दिले, आणि ते योग्यही होते. परंतु मजुरी, पाळणाघर आणि बेघरांसाठी आठ जागा ही कमाई त्या कंटाळवाण्या, एकसारख्या, एकत्र बसून केलेल्या कामाची होती.

२३/
संग्रहालयाच्या पाटीवर बहुधा वरचा थर जोडणारीचे नाव असते. धावदोऱ्याच्या रांगा मात्र कधी कधी चार-सहा हातांच्या असतात; नीट पाहिल्यास एका कडेचे टाके बारीक आणि दुसऱ्या कडेचे लांब दिसतात. त्या हातांची नावे पुष्कळदा कोणी लिहून ठेवली नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने गोधडी पाहताना रंगांइतकेच या टाक्यांकडेही पाहावे.

२४/
२००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने गीज बेंडच्या दहा गोधड्यांची तिकिटे काढली. ती तिकिटे लावलेली पत्रे देशभर फिरू लागली. त्याच वर्षी, बंद केल्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी, गीज बेंड ते कॅम्डेन ही फेरी पुन्हा सुरू झाली.

२५/
फ्रीडम क्विल्टिंग बी २०१२ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. मूळ संचालिकांपैकी अखेरची त्याआधीच वारली होती. गीज बेंडमध्ये २००३ साली स्थापन झालेल्या नव्या मंडळात स्त्रिया आजही गोधड्या शिवतात, आणि आता प्रत्येक गोधडीवर शिवणारीचे नाव असते. १९६५ मध्ये अनोळखी माणूस दिसताच रानात पळावे लागणाऱ्या त्या स्त्रीच्या मुलखात हे नाव लिहिता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.