'आपण' : एका आत्मवाचकाचा प्रवास

फ्रेंच शिकणारा मराठी विद्यार्थी आत्मवाचक सर्वनामापाशी हमखास अडखळतो. 'ला पोर्त सूव्र' याचा शब्दशः अर्थ 'दार स्वतःला उघडते'. मराठीचे काम 'दार उघडते' एवढ्यावर भागते. फ्रेंच आत्मवाचक क्रियापदाला बिलगून राहते आणि पुरुषानुसार 'म', 'त', 'स' अशी रूपे घेते. मराठी 'आपला' मात्र तिन्ही पुरुषांना एकच : मी आपले काम करतो, तू आपले काम कर, तो आपले काम करतो. संज्ञा एक असली तरी दोन्ही भाषांतील व्यापार भिन्न आहे.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली, मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. पुढे शालेय व्याकरणात नियम रूढ झाला : आत्मवाचक 'आपण' वाक्यारंभी येत नाही, पुरुषवाचक येऊ शकतो. ओळखीपुरता हा नियम उपयुक्त आहे. परंतु दोन्ही 'आपण' मुळात एकच, हे त्यामुळे झाकले जाते.

संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पाण', मराठी 'आपण' अशी ही परंपरा आहे. 'ज्ञानेश्वरी'तील 'आपणपें' या शब्दात ती तत्त्वचिंतनाच्या पातळीवर जागी आहे. ज्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते, त्याच जिल्ह्यातील पालीसारख्या गावी 'आपण उद्या जाऊ' असे कोणी म्हणाले, की ऐकणाराही त्या जाण्यात सामील होतो. 'आम्ही उद्या जाऊ' त्याला वगळते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राज्यात होता; तेथील दखनीतला 'अपन' हाही याच कुळातला आणि याच समावेशक अर्थाचा. 'स्व'चा वाचक शब्द 'तू आणि मी' यांचा वाचक व्हावा, आणि आदरार्थी संबोधनातही तोच यावा, हा अर्थविस्तार लक्षणीय आहे.

आज आत्मवाचकाचे बरेचसे काम 'स्वतः'कडे गेले आहे. मूळचे हे संस्कृत अव्यय. मराठीने त्याला 'स्वतःला', 'स्वतःचा' असे प्रत्यय जोडले. त्यात वावगे काही नाही. चिंतेची बाब वेगळी आहे. भाषांतरित गद्यात 'रामाने त्याचे पुस्तक उघडले' अशी वाक्ये सर्रास आढळतात. पुस्तक रामाचे की दुसऱ्या कोणाचे? 'आपले' म्हटले असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. परभाषेचे व्याकरण शिकताना स्वभाषेतील असा भेद डोळ्यांपुढे यावा, हाच तौलनिक अभ्यासाचा खरा लाभ. तो भेद लेखनातून पुसला जात असेल, तर त्याची दखल समीक्षेनेही घ्यायला हवी.