अवजाराचा पत्ता

‘एमव्हीएन: कमांड नॉट फाउंड.’ कोड आपोआप बांधणारा जेन्किन्स हा सर्व्हर नवा बसवला, पहिला जॉब तयार करून ‘बिल्ड नाऊ’ दाबलं की अनेकांचं स्वागत याच ओळीनं होतं. चीड येते ती यामुळे, की त्याच मशीनवर टर्मिनल उघडून तीच कमांड दिली तर ती मुकाट चालते. ‘एमव्हीएन’ ही ज्याची कमांड तो मेवन, जावाचं बिल्ड टूल, तिथं आहेच, पण जेन्किन्सला तो दिसत नाही. जेन्किन्स तुमच्या नावानं चालतच नाही. त्याचा स्वतःचा ‘जेन्किन्स’ नावाचा यूझर असतो, आणि तुम्ही तुमच्या ‘बॅशआरसी’त हौसेनं लिहून ठेवलेला पाथ तो कधी वाचत नाही. मग कुणी जाणता सांगतो : ‘मॅनेज जेन्किन्स’मध्ये जा, ‘टूल्स’चं पान उघड, मेवन कुठं आहे ते लिही.

या पानाचं कुळ शोधत गेलं तर आपण १९७६ साली बेल लॅब्जमध्ये पोचतो. तिथं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात १९६९ साली झाली होती. म्हणजे ती तेव्हा सात वर्षांची. ‘याक’ हे पार्सर बनवणारं टूल लिहिणारा स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी तणतणत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. अख्खी सकाळ त्यानं एका बगच्या मागं घालवली होती आणि प्रोग्राम मुळात बरोबर होता! चूक आधीच दुरुस्त केलेली, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. फेल्डमनची आदली संध्याकाळ याच भानगडीत गेलेली. एका शनिवार-रविवारात त्यानं ‘मेक’ लिहिलं : कुठली फाइल कुठलीवर अवलंबून आहे ते एकदा लिहून द्यायचं, मग मेक तारखा-वेळा पाहून जेवढं शिळं झालंय तेवढंच पुन्हा करणार. सगळ्या बिल्ड टूल्सचा हा मूळपुरुष.

मेकची एक खोड जगप्रसिद्ध आहे. कमांडची ओळ टॅबनंच सुरू व्हायला हवी. स्पेस दिलेली चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ही चूक फेल्डमनला लवकरच कळली होती. पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते, बहुतेक दोस्तच, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यानं ती तशीच ठेवली. डझनभर माणसांच्या भिडेखातर पन्नास वर्षं सगळं जग टॅब दाबत बसलं आहे.

आपल्या कामाचं त्यातलं एवढंच : ‘कंपायलर कोणता’ ही माहिती मेकफाइलमध्ये ‘सीसी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येऊ लागली. माणसाच्या डोक्यातला अवजाराचा पत्ता पहिल्यांदा कागदावर उतरला.

पुढची पिढी जावाची. सन कंपनीतल्या जेम्स डंकन डेव्हिडसनला टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर खुला करायचा होता आणि तो कुठल्याही मशीनवर बांधता यायला हवा होता. मेकच्या टॅबला तोही विटला होता. त्यानं एक्सएमएल वाचणारं ‘अँट’ लिहिलं. २००० साली ते स्वतंत्रपणे बाहेर आलं. टॅबची कटकट गेली आणि कोनदार कंसांची आली. मग २००४ मध्ये मेवनची १.० आवृत्ती, २०१२ मध्ये ग्रेडलची.

तोवर दुसरीकडे वेगळंच घडत होतं. आपापल्या मशीनवर चालणारं काम एकत्र केलं की मोडतं, हे दुखणं जुनं. ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हा शब्द ग्रेडी बूचनं नव्वदच्या दशकात वापरला होता. दिवसातून अनेकदा एकत्र करा हा हट्ट केंट बेक आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांचा. २००० साली मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांनी त्यावर लेख लिहिला, आणि २००१ मध्ये त्यांच्याच थॉटवर्क्समधून ‘क्रूझकंट्रोल’ हा सर्व्हर आला. सर्व्हर आला तसा प्रश्न उभा राहिला : बांधायचं काम आता माणूस करणार नाही, मग अवजार कुठं ठेवलंय हे त्याला सांगायचं कुणी? क्रूझकंट्रोलचं उत्तर सरळसोट होतं. सर्व्हरवर ‘कॉन्फिग.एक्सएमएल’ असायची, तिच्यात प्रत्येक प्रोजेक्टखाली अँटचा टॅग आणि त्या टॅगात ‘अँटहोम’. वीस प्रोजेक्ट असतील तर पत्ता वीसदा. अँटची नवी आवृत्ती टाकली की फाइंड-रिप्लेस करा, आणि एखादा राहिलाच तर तो रात्री कळणार.

सनमधल्याच कोहसुके कावागुचीचा त्रास आणखी घरगुती होता : त्याचा कोड बिल्ड मोडायचा आणि सहकारी त्याच्यावर वैतागायचे. त्यांच्या आधी आपल्याला कळावं म्हणून २००४ च्या उन्हाळ्यात त्यानं एक सर्व्हर लिहायला घेतला. नाव ‘हडसन’, एखाद्या बटलरला शोभेल असं; हाच पुढं जेन्किन्स झाला. त्याचं मोठं यश माझ्या मते प्लगिन्समध्ये नाही, त्या साध्या वेब फॉर्ममध्ये आहे. एकाच पानावर मेवनला नाव द्यायचं, समजा ‘मेवन-३’, खाली ‘मेवन_होम’ लिहायचं. आणि प्रत्येक जॉबमध्ये नुसतं नाव निवडायचं. पत्ता एकदाच. दुसऱ्या मशीनवर काम पाठवायचं असेल आणि तिथं मेवन वेगळ्या फोल्डरात असेल, तर त्या नोडपुरता पत्ता बदलता येतो. किंवा ‘इन्स्टॉल ऑटोमॅटिकली’वर टिक करा, जेन्किन्स स्वतः झिप उतरवून घेतो.

नाव एक आणि वस्तू दुसरी, ही युक्ती आमच्या बोईसरला नवी नाही. इथल्या वसाहतीला तारापूर एमआयडीसी म्हणतात, उभी आहे ती बोईसरला लागून; पण मी म्हणतोय ती युक्ती तिच्या आतली. केमिकल प्लांटमध्ये बॅच शीटवर ‘रिअ‍ॅक्टर १०४’ असं पक्कं छापलं असेल आणि १०४ मेंटेनन्सला गेला, तर ती शीट हातात धरून ऑपरेटर काय करणार? बॅच कंट्रोलचं आयएसए-८८ हे अमेरिकन मानक १९९५ मध्ये आलं ते नेमकं यासाठी. कृती वेगळी लिहा, यंत्रं वेगळी लिहा. कृतीत म्हणा, ‘ढवळणी असलेला, इतक्या लिटरचा ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर’. प्रत्यक्ष कोणता, ते बॅच लावताना ठरवा. पण औषधवाल्यांचा बीएमआर, म्हणजे बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, याच्या पुढं एक पाऊल जातो : बॅच झाल्यावर कोणत्या आयडीच्या यंत्रात झाली हे त्यात लिहिलेलंच असावं लागतं. ठरवा उशिरा, पण नोंद सोडू नका. जेन्किन्सच्या पानानं यातला पहिला अर्धा भाग उचलला. दुसरा राहिला. ‘मेवन-३’ या नावाखाली कुणी परवा ३.६ काढून ३.९ ठेवलं, तर जॉबला, कोडला, गिटच्या इतिहासाला त्याचा पत्ताही लागत नाही. बिल्ड मोडला की मग सगळे ‘मी काही बदललंच नाही’ म्हणायला मोकळे.

मध्ये घराण्यात वाटणी झाली. २०१० मध्ये ओरॅकलनं सन घेतली, हडसन या नावावरून बिनसलं, आणि जानेवारी २०११ मध्ये मतदान होऊन २१४ विरुद्ध १४ मतांनी ‘जेन्किन्स’ हे नवं नाव ठरलं. हेही बटलरचंच. पण आजच्या जेन्किन्सचं होम फोल्डर उघडून पाहा. टूल्सच्या पानावर मेवनची नोंद करून ‘सेव्ह’ दाबलं की ती जाते ‘हडसन.टास्क्स.मेवन.एक्सएमएल’ या फाइलमध्ये, आणि मुख्य ‘कॉन्फिग.एक्सएमएल’चा सर्वांत बाहेरचा टॅग अजून ‘हडसन’च आहे. नाव बदललं तर जगभरचे प्लगिन्स मोडतील. फेल्डमनच्या डझनभर दोस्तांचीच ही मोठी आवृत्ती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये जेन्किन्स २.० आला. जॉबची कृती आता ‘जेन्किन्सफाइल’ म्हणून कोडशेजारी गिटमध्ये राहू लागली, आणि टूल्सना सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या लांबलचक पानातून काढून स्वतंत्र पान मिळालं. पण नाव सर्व्हरवर आणि उल्लेख गिटमध्ये अशी फारकत झाली. जेन्किन्सफाइलच्या ‘टूल्स’ ब्लॉकमध्ये ‘मेवन३’ लिहिलंत आणि सर्व्हरवर ‘मेवन-३’ असेल, तर बिल्ड सुरू व्हायच्या आधीच नकार मिळतो : या नावाचं मेवन इथं नाही, तुम्हाला ‘मेवन-३’ म्हणायचं होतं का? एका आडव्या रेघेवरून अडवणारा, पण बरोबर शब्द सुचवणारा हा एरर मला तरी सज्जन वाटतो.

ग्रेडलनं तोवर पत्त्याचा प्रश्न मुळातूनच काढला होता. ‘ग्रेडल रॅपर’ म्हणजे प्रोजेक्टमध्येच ठेवलेली एक छोटी स्क्रिप्ट, एक जार आणि एक प्रॉपर्टीज फाइल. त्या फाइलमधल्या ‘डिस्ट्रिब्यूशन-यूआरएल’मध्ये नेमकी आवृत्ती असते, मशीनवर ती नसेल तर स्क्रिप्ट उतरवून घेते. आवृत्ती बदलायची तर कमिट करावा लागतो, म्हणजे कुणी, कधी, कशाला हे गिटमध्ये आपोआप राहतं. बीएमआरचा राहिलेला अर्धा भाग इथं भरून निघाला. शेजारी ‘डिस्ट्रिब्यूशन-शा२५६-सम’ची ओळ घातली तर उतरवलेली झिप तपासूनही घेतली जाते, ही ओळ फार थोड्या प्रोजेक्टांत दिसते आणि ती सगळ्यांनी घालावी. मेवननंही पुढं असाच रॅपर घेतला. डॉकर वापरणारे तर अवजारासकट अख्खी खोलीच बरोबर नेतात.

टूल्सचं पान मात्र गेलेलं नाही. रॅपर चालवायलाही आधी जावा लागतेच, त्यामुळे जेडीकेचा पत्ता अजून बरेच जण तिथंच लिहितात. सुचवलेले प्लगिन्स घेऊन आज जेन्किन्स बसवला तरी त्या पानावर जेडीके, गिट, ग्रेडल, अँट, मेवन असे रकाने ओळीनं मिळतात. मेकला त्यात रकाना नाही. त्याला शेल स्टेपमधून हाक मारायची, आणि जेन्किन्सच्या पाथवर असेल तर तो येतो.