पेंडीचे धान्य

मराठवाड्यातील आमच्या महाविद्यालयात पालक शुल्कासाठी मुदत मागतात ती ‘सोयाबीन निघेपर्यंत’. ज्या पिकावर घराचा हिशेब चालतो, ते त्या घरात क्वचितच शिजते. या विसंगतीला इतिहास आहे.

1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आहारात सोयाबीनचे प्रयोग केले व ‘हरिजन’मध्ये त्यांविषयी लिहिले. 1936 मध्ये बडोद्याहून एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोयाबीन तेव्हा माणसाचे अन्न म्हणून पुढे येत होते. साठच्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने त्यावर संशोधन केले. त्यानंतर खरिपात पडीक राहणाऱ्या माळव्याच्या काळ्या जमिनीवर हे पीक पसरले; पुढे विदर्भ-मराठवाड्यातही रुजले. मात्र एव्हाना त्याचे गिऱ्हाईक बदलले होते.

कारखान्यात दाणा फोडून, वाफेने मऊ करून, रुळांखाली दाबून त्याचे पातळ पापुद्रे करतात. हेक्झेन या द्रावकात तेल उतरते. द्रावक उडवून ते पुन्हा वापरतात. उरलेली पेंड भाजावी लागते, कारण कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. शंभर किलो दाण्यातून तेल सुमारे अठरा किलो, पेंड मात्र ऐंशीच्या आसपास. सरकारदरबारी ‘तेलबी’ म्हणून नोंदलेले हे पीक वजनाने असे पेंडीचेच आहे. त्या पेंडीचा थोडा भाग पीठ व वड्या होऊन स्वयंपाकघरात येतो. मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जातो.

म्हणूनच भावाची दोरी पेंडीच्या हाती असते. ऑगस्ट 2021 मध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. त्या महिन्याच्या आरंभी क्विंटलला दहा हजारांच्या आसपास असलेला भाव नव्या हंगामात जवळपास निम्म्यावर आला. नवी आवकही त्याला कारण होती, हे आम्ही नाकारत नाही. पण अंडे स्वस्त ठेवण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

मगनवाडीत हा दाणा थेट माणसाच्या ताटात पडत होता. आज तो कोंबडीच्या वाटेने तेथे पोहोचतो, आणि पिकवणाऱ्याच्या घरी शुल्काची मुदत तेवढी वाढत राहते.